वॉरंटी नेमकी कशाची? : हार्ड डिस्क, तिच्या कंपन्या आणि आपण

प्रबंधाचे काम हाती घेणारे विद्यार्थी आणि विभागासाठी खरेदीची यादी करणारे प्राध्यापक दर वर्षी जूनच्या सुमारास एक प्रश्न हमखास विचारतात : हार्ड डिस्क कोणत्या कंपनीची घ्यावी? उत्तरे तयारच असतात. 'माझी अमुक कंपनीची डिस्क सात वर्षे बिनतक्रार चालली', 'तमुक कंपनीचे नावही काढू नका, दोनदा फसलो आहे'. एका कथेवरून लेखकाच्या समग्र कर्तृत्वाचा निवाडा करणाऱ्या विद्यार्थ्याला आपण वर्गात थांबवतो. डिस्कच्या बाबतीत मात्र एका अनुभवावरून अख्ख्या कंपनीचा निकाल लावताना आपल्याला काही वावगे वाटत नाही. असले सल्ले मीही दिले आहेत. त्यांतला एक फार महाग पडला. त्याविषयी पुढे सांगेन. आधी ह्या प्रश्नात कितपत तथ्य आहे ते पाहू.

पहिली अडचण नावांचीच आहे. ज्यांना आपण वेगवेगळ्या कंपन्या समजतो त्यांची वंशावळ बरीच गुंतागुंतीची आहे. क्वांटमचा डिस्कचा व्यवसाय २००१ साली मॅक्स्टरने घेतला आणि २००६ साली मॅक्स्टरच सीगेटमध्ये विलीन झाली. आयबीएमचा व्यवसाय हिताचीकडे गेला आणि हिताचीचा २०१२ साली वेस्टर्न डिजिटलकडे. फुजित्सूचा २००९ साली तोशिबाकडे, सॅमसंगचा २०११ साली सीगेटकडे. आज हार्ड डिस्क प्रत्यक्ष बनवणाऱ्या कंपन्या तीनच उरल्या आहेत : सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. दुकानात ह्याहून निराळे नाव छापलेली खोकी दिसतात, पण त्यांच्या आत फिरणारी तबकडीवाली डिस्क ह्या तिघांपैकीच कोणाची तरी असते. डिस्क फिरवणाऱ्या मोटरीसारखे काही महत्त्वाचे भागही एकाच पुरवठादाराकडून अनेकांकडे जातात. ऑक्टोबर २०११ मध्ये थायलंडमध्ये महापूर आला तेव्हा वेस्टर्न डिजिटलचे कारखाने पाण्याखाली गेले. सीगेटचे कोरडे राहिले, पण सुटे भाग पुरवणारे बुडाले म्हणून तिलाही झळ लागलीच. घराणी वेगळी असली तरी स्वयंपाकघर बरेचसे सामायिक आहे, हे त्या पुराने दाखवून दिले.

दुसरी अडचण अशी, की बदनामी कंपनीच्या वाट्याला येते, पण दोष बहुधा एखाद्या विशिष्ट मॉडेलमध्ये असतो. आयबीएमची 'डेस्कस्टार ७५ जीएक्सपी' ही डिस्क २००० साली बाजारात आली आणि इतक्या मोठ्या प्रमाणात बिघडू लागली, की लोकांनी तिचे 'डेथस्टार' असे बारसे केले. प्रकरण न्यायालयात गेले. डिस्कच्या व्यवसायाची मुळे १९५६ सालच्या पहिल्या हार्ड डिस्कपर्यंत नेणारी ही कंपनी. तिच्या नावामुळे त्या मॉडेलला काही अभय मिळाले नाही. पुढे तोच व्यवसाय हिताचीच्या नावाने चालू राहिला आणि दहा-बारा वर्षांनी हिताचीच्याच डिस्क सर्वांत टिकाऊ म्हणून नावाजल्या जाऊ लागल्या. ज्याने २००१ साली 'ह्यांची डिस्क पुन्हा घेणार नाही' अशी शपथ घेतली असेल, तो पुढच्या चांगल्या डिस्कना मुकला.

ह्या क्षेत्रात मोजमाप झालेच नाही असे नाही. कंपन्यांच्या माहितीपत्रकांत 'दोन बिघाडांमधला सरासरी काळ दहा लाख तास' असे आकडे असतात. दहा लाख तास म्हणजे सुमारे ११४ वर्षे. कोणतीही एक डिस्क ११४ वर्षे चालेल असा त्याचा अर्थ नव्हे. पुष्कळ डिस्क एकत्र घेतल्या तर वर्षाला शेकडा एकाहून कमी बिघडतील, एवढाच त्याचा आशय आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन ह्यांनी २००७ साली सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या, तेव्हा प्रत्यक्षात वर्षाला दोन ते चार टक्के डिस्क बदलाव्या लागत असल्याचे सर्रास आढळले. काही ठिकाणी हे प्रमाण १३ टक्क्यांपर्यंत गेले होते. त्याच परिषदेत गूगलच्या अभ्यासकांनीही आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास मांडला. डिस्कमध्ये स्वतःच्या प्रकृतीवर लक्ष ठेवणारी जी यंत्रणा असते, तिच्या महत्त्वाच्या खुणांपैकी एकही अर्ध्याहून अधिक बिघडलेल्या डिस्कनी आधी दाखवली नव्हती, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे डिस्क पुष्कळदा आगाऊ सूचना न देता जाते. गंमत अशी, की आपल्या प्रश्नाचे उत्तर ज्यात होते ती कंपन्यांची नावे गूगलने छापलीच नाहीत.

ती नावे बॅकब्लेझ ह्या अमेरिकी कंपनीने छापली. लोकांच्या संगणकांतील मजकुराच्या प्रती सांभाळणे हा तिचा धंदा. २०१३ सालापासून ती आपल्या डिस्कच्या बिघाडांची आकडेवारी जाहीर करत आली आहे, आणि कंपन्यांच्या तुलनेसाठी सर्वांना खुला असलेला इतका मोठा आधार दुसरा नाही. ती आकडेवारी नीट वाचली तर काय दिसते? सीगेटच्या तीन टेराबाइटच्या एका मॉडेलचे वार्षिक बिघाडाचे प्रमाण पंचवीस टक्क्यांच्याही वर गेले होते. २०१६ साली त्यावरून अमेरिकेत ग्राहकांनी दावाही लावला. आणि त्याच सीगेटच्या चार टेराबाइटच्या एका मॉडेलचे हेच प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते. कंपनी एक, काळही जवळपास तोच, आणि फरक आठ-नऊ पटींचा. कंपन्यांमध्ये फरक मुळीच नसतो असे मी म्हणत नाही. त्या वर्षांत हिताचीच्या डिस्क सातत्याने सरस ठरत होत्या, हे त्याच तक्त्यांत दिसते. पण एका कंपनीच्या दोन मॉडेलांतला फरक दोन कंपन्यांतल्या फरकाहून मोठा असू शकतो. शिवाय एखाद्या मॉडेलचा भरवशाचा आकडा हाती यायला तीन-चार वर्षे जातात. तोवर ते मॉडेल दुकानातून नाहीसे झालेले असते. त्यातच ह्या डिस्क थंड दालनात अहोरात्र फिरणाऱ्या. आपली डिस्क पिशवीतून एस.टी.ने प्रवास करणारी. तेव्हा ही आकडेवारी वाचावी जरूर, पण तिच्यातून आपल्या टेबलावरच्या डिस्कचे भविष्य काढू नये.

मग निदान वॉरंटीवरून तरी निवड करावी का? वॉरंटी म्हणजे कंपनीने स्वतःच्या मालावर दाखवलेला विश्वास, असे आपण समजतो. इतिहास थोडा वेगळा आहे. ऑक्टोबर २००२ मध्ये सीगेट, मॅक्स्टर आणि वेस्टर्न डिजिटल ह्या तिघींनी घरगुती वापराच्या बऱ्याच डिस्कची वॉरंटी तीन वर्षांवरून एका वर्षावर आणली. २००४ साली सीगेटने ती एकदम पाच वर्षे केली, २००९ साली पुन्हा तीन. आणि थायलंडच्या पुरानंतर बाजारात डिस्कचा तुटवडा असताना सीगेटने काही डिस्कवर एक, तर वेस्टर्न डिजिटलने दोन वर्षांवर समाधान मानायला लावले. ह्या चढउतारांत डिस्कचा टिकाऊपणा त्याच पटीत वरखाली झाला, असे कोणी म्हणणार नाही. वॉरंटीची मुदत स्पर्धा आणि खर्च ह्यांच्या हिशेबाने ठरते. आज तिन्ही कंपन्यांची अंगभूत डिस्कची उतरंड सारखीच आहे : साध्या डिस्कला दोन वर्षे, घरगुती सर्व्हरच्या डिस्कला तीन, महागड्या व्यावसायिक डिस्कला पाच. तुलना करायला फारसे उरलेलेच नाही.

जे उरते ते बारीक अक्षरांत असते. परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या डिस्कची वॉरंटी येथे मानली जाईलच असे नाही. संगणकाबरोबर आलेल्या डिस्कची जबाबदारी बहुधा संगणकाच्या कंपनीची असते, डिस्कच्या नव्हे. बिल नसेल तर मुदत कारखान्यातून माल निघाल्यापासून मोजली जाऊ शकते. बदली डिस्क नवी कोरी नसून बहुधा दुरुस्त करून तपासलेली असते, आणि तिला मूळ वॉरंटीचा उरलेला काळ किंवा तो फारच थोडा असेल तर काही किमान दिवस मिळतात. हे सारे खरेदीआधी वाचावे. पण सर्वांत महत्त्वाचे कलम ज्याला आपण कलम म्हणूनच वाचत नाही ते आहे : वॉरंटी डिस्कची असते, तिच्यातल्या मजकुराची नसते.

मघाचा महागडा सल्ला तो हा. आमच्या विभागातील एका विद्यार्थिनीने दोन उन्हाळे गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. गाणाऱ्या बहुतेक जणी सत्तरीच्या पुढच्या. ते सारे एका बाह्य हार्ड डिस्कवर होते, आणि ती डिस्क माझ्या सांगण्यावरून घेतलेली होती. 'ह्यांची सेवा चांगली आहे' असे मी म्हटले होते. चौदाव्या महिन्यात डिस्क टकटक आवाज करू लागली आणि दिसेनाशी झाली. माझे म्हणणे खरे ठरले : सेवा खरोखरच चांगली होती. केंद्रातल्या माणसाने बिल पाहिले, क्रमांक तपासला, डिस्क ठेवून घेतली, आणि अकराव्या दिवशी बदली डिस्क हातात दिली. चकचकीत आणि रिकामी.

पुढे कळले ते असे. ती टकटकणारी डिस्क एखाद्या प्रयोगशाळेत नेली असती तर त्यातले काही वाचण्याची शक्यता होती. खर्च तिच्या काही महिन्यांच्या शिष्यवृत्तीइतका आला असता, आणि खात्री नव्हतीच. पण शक्यता होती. वॉरंटीचा लाभ घ्यायचा तर जुनी डिस्क परत द्यावी लागते, आणि ती बाहेर कोठे उघडली तर वॉरंटी जाऊ शकते. चार-पाच हजारांच्या वस्तूच्या मोबदल्यात आम्ही दोन उन्हाळ्यांचे काम स्वतःच्या हाताने काउंटरवर ठेवून आलो. ती पुन्हा त्या गावांत गेली तेव्हा गाणाऱ्यांपैकी दोघी हयात नव्हत्या. तिने मला दोष दिला नाही. मी मात्र त्या दिवसापासून कंपनीचे नाव सांगणे बंद केले आहे.

काही डिस्कबरोबर मजकूर परत मिळवून देण्याची सेवाही मिळते, हे नमूद केले पाहिजे. सीगेटच्या 'आयर्नवुल्फ' मालिकेबरोबर ती तीन वर्षे असते. चांगली गोष्ट आहे. पण तीही प्रयत्नाचेच आश्वासन देते, यशाचे देऊ शकत नाही. 'मग क्लाउडवर ठेवा' असे कोणी म्हणेल. जरूर ठेवावे, पण परवलीचा शब्द हरवला, वर्गणी थकली, खाते बंद झाले, की ती प्रतही गेली.

खरे तर ह्या प्रश्नाचे उत्तर कोणी शिकवायचे असेल तर ते साहित्याच्या अभ्यासकांनीच. संहिता आणि ती ज्यावर उतरली ती वस्तू ह्यांत भेद करणे हा आपला व्यवसाय आहे. लीळाचरित्राची मूळ पोथी स्वारीच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि शिष्यांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली, असे महानुभाव परंपरा सांगते. तिचे पाठभेद आपण आजही अभ्यासतो. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली ती ठिकठिकाणच्या हस्तलिखितांच्या आधारे. ती हस्तलिखिते होती, कारण पिढ्यानुपिढ्या लोक नकला करत आले. आपला वारसा उत्तम कागदामुळे टिकला त्याहून अधिक नकलांमुळे टिकला. हे आपण परीक्षेत लिहितो, आणि घरी एकाच डिस्कवर सारे ठेवून तिच्या कंपनीविषयी वाद घालतो.

तेव्हा माझे मत सरळ आहे. एक उत्तम डिस्क शोधण्याऐवजी दोन साधारण डिस्क घ्याव्यात, आणि त्या मुद्दाम वेगवेगळ्या कंपन्यांच्या घ्याव्यात. कंपन्यांमधला फरक खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो तो येथे : एकाच मॉडेलच्या, एकाच वेळी घेतलेल्या दोन डिस्कमध्ये दोषही एकच असू शकतो. तिसरी प्रत दुसऱ्या गावी किंवा क्लाउडवर असावी. वर्षातून एकदा प्रत्येक प्रत उघडून, ऐकून पाहावी. आणि डिस्क बिघडली, तर सेवाकेंद्राची पायरी चढण्याआधी स्वतःला विचारावे, की हिच्यात जे आहे ते दुसरीकडे आहे ना? उत्तर 'नाही' असेल, तर वॉरंटी विसरावी आणि डिस्क हातची सोडू नये.

विभागांच्या पातळीवर हे आणखी स्पष्टपणे सांगितले पाहिजे. संशोधनाच्या अनुदानात ध्वनिमुद्रकाला पैसे मिळतात, प्रवासाला मिळतात. दुसऱ्या डिस्कची मागणी केली की 'एक आहे ना?' असे विचारले जाते. तो प्रश्न विचारणाऱ्यांपैकी पुष्कळ जण पाठचिकित्सा शिकवतात. त्यांनी ज्या दिवशी यादीत दुसरी डिस्क स्वतःहून लिहिली, त्या दिवशी पहिली कोणत्या कंपनीची असावी ह्या वादाला फारसा अर्थ उरणार नाही.