उताराच्या शेतात आखाडा बांधताय? मग उंची नेमकी कुठून मोजायची?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. या वेधशाळेच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांब असतील. एवढ्या अंतरात पृथ्वीच्या गोलाईमुळेच मीटरभराचा फरक पडतो. त्यामुळे तिथे पातळीचा हिशेब काटेकोर ठेवावा लागतो.

याच जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावसारख्या गावात शेतात आखाडा किंवा एखादी खोली बांधणाऱ्यालाही पातळीचा हिशेब चुकत नाही. काळं रान पिकाला ठेवायचं आणि माळाच्या उतारावर बांधायचं, असं अनेक जण ठरवतात. पण उतारावर 'जमीन' म्हणजे कुठली? वरच्या कोपऱ्याची की खालच्या?

एकाच खोलीच्या तीन उंची

समजा, खोली १० मीटर लांब आहे आणि तेवढ्या लांबीत जमीन १ मीटर उतरते. छत वरच्या कोपऱ्यातल्या जमिनीपासून ३ मीटरवर असेल, तर खालच्या कोपऱ्यातून तेच छत ४ मीटरवर दिसेल. सरासरी काढली तर साडेतीन मीटर. तिन्ही आकडे खरे आहेत. प्रश्न आहे तो नियम कोणता आकडा धरतो याचा.

इंग्लंडमध्ये घराच्या बागेतल्या शेडची उंची लगतच्या जमिनीच्या सर्वांत उंच भागापासून मोजतात. महाराष्ट्रात डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत इमारतीलगतच्या जमिनीची सरासरी पातळी धरली जाते.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मात्र तिसराच बिंदू धरते. कलम ४१ नुसार ज्या भागांत शेतघरासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, तिथे किमान ०.४ हेक्टर क्षेत्र हवं, बांधकाम फक्त तळमजल्याचं हवं आणि उंची ५ मीटरपेक्षा जास्त नको. ही उंची जमिनीपासून नाही, तर जोत्यापासून मोजायची असते.

उतारावर याचा अर्थ काय होतो? खालच्या बाजूला जोतं दीड मीटर उचललं आणि त्यावर ४.८ मीटरची खोली बांधली, तर कलम ४१ ची मर्यादा पाळली जाते. खालच्या बांधावरच्या शेजाऱ्याला मात्र ६.३ मीटरची भिंत दिसते. भराव टाकल्यामुळे पावसाचं पाणी वाट बदलून त्याच्या रानात शिरलं, तर वाद ठरलेला. म्हणून आपल्या गावाला कोणता नियम लागू आहे, हे तहसील किंवा नगररचना कार्यालयात आधी विचारलेलं बरं.

मोजायचं कसं?

मोबाइलमधलं जीपीएस इथे कामाचं नाही. त्याची उंची काही मीटरनी चुकू शकते आणि इथे हिशेब सेंटिमीटरचा आहे. गवंड्याची पाण्याने भरलेली पारदर्शक नळी जास्त भरवशाची. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर राहतं. फक्त आत हवेचा बुडबुडा अडकलेला नसावा.

चारही कोपऱ्यांवर खुंट्या ठोकून नळीच्या मदतीने एकाच पातळीची खूण करावी. मग प्रत्येक खुणेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजावं. वरचे दोन कोपरे ४० सेंटिमीटर आणि खालचे दोन १४० सेंटिमीटर आले, तर सरासरी ९० सेंटिमीटर. म्हणजे सरासरी जमीन वरच्या कोपऱ्यापेक्षा अर्धा मीटर खाली आहे. हीच पातळी विहिरीच्या कठड्यासारख्या न हलणाऱ्या जागीही रंगाने नोंदवून ठेवावी.

हे सगळं जेसीबी येण्याआधी करायला हवं. एकदा वरची माती काढून खाली पसरली, की मूळ जमीन कुठे होती हे सांगायला काहीच उरत नाही. मोजमाप लिहून ठेवलेलं आणि फोटो काढलेले असतील, तर पुढे वाद झाल्यास तेच उपयोगी पडतात.

कागदापलीकडचा धोका

उतार सपाट करताना खोलीची अर्धी बाजू खोदलेल्या घट्ट मुरमावर येते आणि अर्धी नव्या भरावावर. भराव पुढे दबतो आणि भिंतीला तिरकी भेग जाते. भरावाला काळी माती वापरली असेल तर आणखी वाईट. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. १० जुलै २०२४ ला हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला होता, हेही इथे विसरून चालत नाही.

म्हणून पाया दोन्ही बाजूंना मूळ घट्ट थरापर्यंत न्यावा लागतो, गरज पडल्यास पायऱ्या-पायऱ्यांनी. खालच्या बाजूला तो किती खोल जाईल आणि खर्च किती वाढेल, हेही त्याच चार मोजमापांवरून आणि घट्ट थर कुठे लागतो त्यावरून आधी कळतं. खर्च आवाक्याबाहेर दिसला, तर खोलीची लांब बाजू उताराला आडवी ठेवता येते. तेवढ्यानेही दोन टोकांमधला फरक कमी होतो.