करार रोमचा, सुटकाही रोमचीच

लिबियात मिटिगा तुरुंग चालवणारा ओसामा अलमसरी नजीम विमानातून त्रिपोलीत उतरतो आणि जमाव त्याला खांद्यावर उचलून घेतो. विमान इटली सरकारचं. जानेवारी २०२५ मधली ती दृश्यं पाहिल्यापासून माझ्या डोक्यातली तिडीक गेलेली नाही.

मिटिगा तुरुंगातले खून, छळ आणि बलात्कार यांचे आरोप या माणसावर आहेत. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं १८ जानेवारीला वॉरंट काढलं. दुसऱ्याच दिवशी तुरिनमध्ये पोलिसांनी त्याला धरलं. तो फुटबॉलचा सामना बघायला आला होता! दोन दिवसांत रोमच्या अपील न्यायालयानं त्याला सोडलं, कारण अटकेआधी न्यायमंत्र्यांना रीतसर कळवलं नव्हतं.

मी फौजदारी वकिली करतो. पंचनाम्यातल्या त्रुटीवर अशील सोडवले आहेत आणि त्याची मला लाज नाही. गरिबाच्या हाती तेवढीच एक ढाल असते. पण इथं चूक एका कागदानं सुधारता आली असती. मंत्र्यांनी तो कागद दिला नाही. मग गृहमंत्र्यांनी त्याला ‘धोकादायक’ ठरवून हद्दपार केलं. धोकादायक माणसाला कोठडीत ठेवतात. यांनी त्याला तो जिथं तुरुंग चालवत होता तिथंच पोहोचवलं. निर्वासितांच्या होड्या लिबियातच अडवाव्यात म्हणून इटलीनं २०१७ मध्ये केलेला करार या घाईच्या मुळाशी आहे, असं माझं मत आहे.

याच न्यायालयाचं वॉरंट असताना पुतिन मंगोलियात गेले, नेतान्याहू हंगेरीत गेले. तिथंही अटक झाली नाही. पण तिथं निदान कायद्याचा वाद होता. न्यायालयाच्या संहितेचं कलम २७ म्हणतं, पद आड येत नाही. कलम ९८ चा आधार घेऊन सदस्य नसलेल्या देशाच्या प्रमुखाचं संरक्षण पुढं केलं जातं. नजीम कुठल्या देशाचा प्रमुख होता?

ही संहिता १७ जुलै १९९८ रोजी रोममध्येच मंजूर झाली. भारत तेव्हा मतदानात तटस्थ राहिला, पुढंही त्यानं सही केली नाही. मला ते पटत नाही, पण ज्यानं शब्दच दिला नाही त्यानं तो मोडलेला नाही. इटलीनं मोडला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये हेगच्या न्यायाधीशांनीही इटलीनं कर्तव्य पाळलं नाही असं ठरवलं, पण प्रकरण सदस्य देशांच्या सभेकडे पाठवायचं की नाही हे पुढं ढकललं. नोव्हेंबरात कैद्यांच्या छळाबद्दल नजीमला अखेर अटक झाली. ती केली लिबियानं.