शिळेला घरात जागा

घर बांधायचे म्हटले की आपण प्रथम जमीन सपाट करतो. आड आलेल्या खडकाला सुरुंग आणि झाडाला कुऱ्हाड, हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की त्याचा फेरविचार करावा असे मनातही येत नाही. कॅलिफोर्नियातील पाम स्प्रिंग्ज या वाळवंटी गावातले एक घर मात्र हा विचार करायला लावते.

ते बांधले आल्बर्ट फ्राय या वास्तुविशारदाने, स्वतःसाठी. झुरिच येथे १९०३ मध्ये जन्मलेल्या फ्राय यांनी तरुणपणी पॅरिसला ल कॉर्बुझिए यांच्या हाताखाली उमेदवारी केली. चंडीगढ शहराची आखणी करणारे ते हेच. हे घर १९६४ मध्ये पूर्ण झाले. त्यापूर्वी फ्राय यांनी अनेक वर्षे योग्य जागा शोधली आणि डोंगरउतारावर सूर्य कोणत्या ऋतूत कसा फिरतो, याची मोजदाद केली.

जागेवर एक प्रचंड शिळा होती. ती त्यांनी फोडली नाही. काचेची भिंत शिळेच्या आकाराप्रमाणे कापून बसवली आणि शिळा अर्धी घरात घेतली. आज तीच झोपण्याची व बसण्याची जागा वेगळी करते. छपराचा उतार डोंगराच्या उताराशी जुळता आहे. पडद्यांचा पिवळा रंग वसंतात तेथे फुलणाऱ्या रानफुलांचा आहे. मूळ घर अवघे ८०० चौरस फुटांचे. त्यात फ्राय १९९८ मध्ये, ९५ व्या वर्षी निधन होईपर्यंत राहिले. पुढे त्यांच्या इच्छेनुसार ते तेथील कलासंग्रहालयाकडे गेले.

नोकरीत असताना मी गृहकर्जाची असंख्य प्रकरणे तपासली. त्यांत क्षेत्रफळ, मूल्यांकन, तारण आणि परतफेडीची ऐपत यांचे रकाने असत. ऊन कोठून येते, पावसाचे पाणी कोठून वाहते, याचा रकाना नसे. परंतु डोंगराचा पायथा कापला की वरच्या मातीचा आधार जातो आणि मुरलेल्या पावसाने ती घसरते. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात धरलेला नसतो. तो तेथे राहणाऱ्यांच्या नावे पडतो.

आपल्यापैकी फारच थोड्यांना फ्राय यांच्यासारखे घर बांधता येईल. तथापि मुले घर पाहावयास निघतील, तेव्हा वडीलधाऱ्यांनी एवढे अवश्य सुचवावे : ती जागा सकाळी, भर दुपारी आणि शक्य झाल्यास एका पावसाळ्यात पाहावी; आणि बांधणाऱ्याला दर विचारण्यापूर्वी, येथे आधी काय होते, ते विचारावे.