सोबतीने केलेला अभ्यास

हा अंक अभ्यासकांच्या सहप्रवासाचा आहे. १९३४च्या उन्हाळ्यात स्थापत्याचे अभ्यासक लिआंग सचंग आणि लिन ह्वेइयिन हे दांपत्य चीनच्या शान्शी प्रांतात जुनी मंदिरं शोधत हिंडलं. सोबत जॉन आणि विल्मा फेअरबँक हे अमेरिकन स्नेही होते. रेल्वेच्या कामाने रस्ता उखणलेला, त्यामुळे बरीच वाट पायी तुडवावी लागली. छप्पर पेलणारे एकावर एक रचलेले लाकडी कंस, तुळया, खांब यांची मोजमापं घ्यायला पाहुण्यांचाही हातभार लागला. लिआंग १९७२ साली गेले. त्यांचं चिनी स्थापत्यावरचं इंग्रजी हस्तलिखित १९८४मध्ये पुस्तकरूपाने आलं, ते विल्मांच्या संपादनाखाली. इतकी वर्षं टिकलेली ही बांधिलकी आम्हाला फार मोलाची वाटते.

आज परदेशातला सहकारी व्हिडिओ कॉलवर सहज भेटतो, जुनी कागदपत्रं घरबसल्या वाचता येतात. मात्र एकाच तुळईखाली उभं राहून घातलेला वाद त्यात हरवतो, असं आमचं ठाम मत आहे. म्हणूनच या अंकात निष्कर्षांपेक्षा वाटचालीला जास्त जागा दिली आहे. लेणी, गड, दप्तरखाना किंवा परका मुलूख, तुम्हीही कुणासोबत असं काम केलं असेल, तर आम्हाला जरूर लिहा. मतभेदांसकट लिहा.