शस्त्रक्रियेनंतरची रात्र

छत्तीसगडमधील बिलासपूरजवळ ८ नोव्हेंबर २०१४ रोजी एका बंद पडलेल्या रुग्णालयाच्या इमारतीत कुटुंबनियोजनाचे शिबिर भरले. एका शल्यविशारदाने काही तासांत ८३ भगिनींवरील शस्त्रक्रिया उरकल्या. दिवसाकाठी तीसहून अधिक नकोत, हा शासकीय दंडक फायलीतच राहिला. हातात गोळ्या आणि त्याच दिवशी घरी रवानगी! मग उलट्या, असह्य पोटदुखी, खालावता रक्तदाब. किमान १३ जणी दगावल्या.

कारण जंतुसंसर्ग की दूषित गोळ्या, यावर पुष्कळ वाद झाला. तो व्हायलाच हवा होता. पण कोणत्या लक्षणाला भ्यावे, अपरात्री कोणाचे दार ठोठवावे, याचे उत्तर त्या मातांपाशी नव्हते. शिबिर उठले की रुग्णाचा वाली उठतो. मग सरकार कोणत्याही पक्षाचे असो.

वेळेवर तातडीचे उपचार नाकारणे हा जगण्याच्या मूलभूत हक्कावरच घाला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच शासकीय रुग्णालयांना बजावले होते. बिलासपूरनंतर, २०१६ मध्ये, अशी शिबिरे तीन वर्षांत थांबविण्याचा आदेशही त्याच न्यायालयाने दिला.

हा प्रश्न केवळ खेड्यातील गरिबांचा नाही. शहरांतील चकचकीत रुग्णालयांतूनही आज अनेक रुग्ण शस्त्रक्रियेच्याच दिवशी घरी पाठविले जातात. सुटीच्या कागदावर देयकाचा हिशेब चोख असतो. रात्री दोन वाजता उचलला जाईल असा दूरध्वनी क्रमांक त्यावर आहे काय, हे वाचकांनी रुग्णालय सोडण्यापूर्वीच विचारून घ्यावे.