आईचे दूध फुकट नसते
खंडाळा तालुक्यातील शेतमजूर स्त्रीचे ३७ आठवडे भरण्यापूर्वीच जन्मलेले बालक उपचारांसाठी साताऱ्यास वा पुण्यास न्यावे लागले, की मायलेकरांची ताटातूट होते. अशा बालकाच्या अंगी ओढून पिण्याचे बळ बहुधा नसते. आईने दर दोन-तीन तासांनी दूध काढले नाही, तर ते आटू लागते. मुंबईच्या शीव रुग्णालयाने १९८९ साली आशियातील पहिली दुग्धपेढी उभारली. परंतु पेढी हा आधार आहे, आईला पर्याय नव्हे. २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची पगारी रजा दिली, ती आस्थापनांतील नोकरदार स्त्रीला. शेतमजूर स्त्रीने रोजगार बुडवून रुग्णालयाच्या ओसरीवर किती दिवस काढावेत? स्तनपानाचा उपदेश करण्यास खर्च येत नाही. तिला निवारा, जेवण, दूध काढण्यास शिकविणारी परिचारिका आणि बुडीत मजुरी देण्यास येतो. तो शासनानेच सोसला पाहिजे.