राजमान्य आणि लोकमान्य

ब्रिटनमध्ये वर्षातून दोन वेळा राजदत्त बहुमानांची यादी प्रसिद्ध होते. एकदा नववर्षदिनाच्या निमित्ताने आणि एकदा जून महिन्यात, राजाच्या अधिकृत वाढदिवसानिमित्त. प्रत्येक यादीत हजाराहून अधिक नावे असतात. कोणी 'सर' होतो, कोणी 'डेम' होते, कोणाच्या नावापुढे ओ. बी. ई. किंवा एम. बी. ई. अशी अक्षरे लागतात आणि राजवाड्यातील समारंभाची छायाचित्रे पाहून झाली की लोक आपापल्या उद्योगास लागतात. दुसऱ्या देशातील या यादीची दखल आम्ही पहिल्या पानावर का घ्यावी, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर असे की, या यादीतल्या एकाच बहुमानाच्या पायी एक जुना प्रश्न नव्याने ऐरणीवर आला आहे. राज्यसत्ता जो मान देते तो गुणांना देते की हुद्द्याला? आणि तो भलत्याच व्यक्तीच्या गळ्यात पडला, तर त्याची किंमत कोणी मोजायची?

प्रकरण ब्रिटिश पोस्टाचे आहे. तेथे गावोगावची छोटी टपाल कचेरी बहुधा कंत्राटाने चालविली जाते. एखादे किराणामालाचे वा स्टेशनरीचे दुकान, त्यातच टपालाचा काउंटर, आणि तो सांभाळणारा उपपोस्टमास्तर, असा हा संसार. १९९९ पासून या कचेऱ्यांत 'होरायझन' नावाची संगणकीय हिशेबपद्धती बसविण्यात आली. ती सदोष होती. जी तूट तिजोरीत नव्हती ती संगणकाच्या पडद्यावर दिसू लागली. कंत्राटातील कलमांवर बोट ठेवून पोस्टाने ती तूट उपपोस्टमास्तरांकडून वसूल केली. कोणी घर गहाण टाकले, कोणी आयुष्याची पुंजी ओतली. आणि ज्यांना ते जमले नाही त्यांच्यावर चोरीचे, अफरातफरीचे वा खोट्या हिशेबाचे खटले भरण्यात आले. २०१५ पर्यंत असे नऊशेहून अधिक लोक दोषी ठरले. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण आम्ही सहज वापरतो. येथे तर चोरीच झाली नव्हती, आणि तरीही संन्याशांना सजा झाली!

यांतील एक नाव भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा यांचे. सरे परगण्यातील वेस्ट बायफ्लीट येथील टपाल कचेरी त्या चालवीत. सुमारे चौऱ्याहत्तर हजार पौंडांच्या चोरीचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला आणि नोव्हेंबर २०१० मध्ये पंधरा महिन्यांची कैद फर्मावण्यात आली. त्या वेळी त्या गरोदर होत्या, आणि शिक्षेचा दिवस त्यांच्या थोरल्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. त्यांच्या माथ्यावरचा कलंक अपील न्यायालयाने पुसला तो एप्रिल २०२१ मध्ये. मधली दहा वर्षे मात्र कोणतेही न्यायालय परत देऊ शकत नाही.

आता बहुमानाकडे वळू. २०१९ च्या नववर्षाच्या यादीत पोस्टाच्या तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकारी पॉला व्हेनेल्स यांना सी. बी. ई. हा वरच्या दर्जाचा किताब देण्यात आला. कारण काय नमूद केले होते? पोस्टाची आणि धर्मादाय कार्याची सेवा! ज्या वेळी ही यादी छापली गेली, त्या वेळी साडेपाचशेहून अधिक उपपोस्टमास्तरांनी याच पोस्टाविरुद्ध लंडनच्या उच्च न्यायालयात लावलेला दावा उभा होता. त्याची पहिली सुनावणी नुकतीच होऊन गेली होती. म्हणजे गोष्ट गुपित नव्हती. त्याच वर्षाच्या अखेरीस, डिसेंबर २०१९ मध्ये, न्यायमूर्तींनी होरायझनच्या विश्वासार्हतेचे पार वाभाडे काढले. तथापि किताब जागच्या जागी राहिला. तो पुढे चार वर्षे राहिला.

या लढ्याचे नेते ॲलन बेट्स हे वेल्समधील लॅन्डडनो येथले उपपोस्टमास्तर. २००३ साली त्यांचे कंत्राट काढून घेण्यात आले. परंतु त्यांनी हार मानली नाही. २०२३ साली त्यांना ओ. बी. ई. देऊ करण्यात आला, तेव्हा त्यांनी तो नाकारला. व्हेनेल्सबाईंकडे सी. बी. ई. असेतोवर हा मान स्वीकारणे आपल्या सहकाऱ्यांच्या दुःखाशी विसंगत ठरेल, असा त्यांचा पवित्रा होता. जानेवारी २०२४ मध्ये या साऱ्या प्रकरणावरील एक नाट्यमालिका दूरचित्रवाणीवर दाखविली गेली आणि सारा देश खडबडून जागा झाला. किताब काढून घ्या, अशी मागणी करणाऱ्या अर्जावर बारा लाखांवर सह्या झाल्या. बाईंनी तो परत करण्याची तयारी दर्शविली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये, बहुमानाच्या व्यवस्थेस कमीपणा आणल्याच्या कारणावरून, राजे चार्ल्स यांनी तो रीतसर रद्द केला. त्यानंतर जूनच्या यादीत बेट्स 'सर' झाले आणि २०२५ च्या नववर्षदिनी सीमा मिश्रा व त्यांचे काही सहकारी ओ. बी. ई. झाले.

शेवट गोड झाला, असे म्हणून हे पुस्तक मिटावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. वीस वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवून जे साधले नाही ते चार रात्रींच्या मालिकेने साधले, यात व्यवस्थेचे भूषण नाही. शिवाय बेट्स यांच्या नावाआधी 'सर' लागले तेव्हा त्यांच्या स्वतःच्या नुकसानभरपाईचा प्रश्न सुटलेला नव्हता. पदवी द्यायला राज्याला तिजोरी उघडावी लागत नाही. भरपाई द्यायला ती उघडावी लागते. म्हणूनच सत्तेचा हात पदवीच्या बाबतीत सढळ आणि भरपाईच्या बाबतीत आखडता असतो. अन्याय झालेल्या माणसाला आधी न्याय हवा असतो, मग पैसा, आणि सर्वांत शेवटी पदक. हा क्रम उलटला की पदक हे सांत्वन न राहता पांघरूण होते.

हे किताब देतो कोण, हेही पाहिले पाहिजे. नाव राजाचे असते. इंग्रजी राज्यघटनेच्या परिभाषेत राजा हा सन्मानाचा उगम. प्रत्यक्षात गार्टर, ऑर्डर ऑफ मेरिट यांसारखे मोजके बहुमान सोडले, तर बाकीची निवड समित्यांच्या मार्फत होते. शिफारशी येतात, कॅबिनेट कचेरीत त्यांची छाननी होते, विषयवार समित्या नावे सुचवितात, मुख्य समिती यादी मुक्रर करते, पंतप्रधान ती राजाकडे पाठवितात आणि राजा मान्यता देतो. राजसत्तेचे समर्थक म्हणतात, राजा पक्षातीत असतो, म्हणून त्याच्या हातचा मानही पक्षातीत ठरतो. हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. शाळेच्या रस्त्यावर मुलांना पार करून देणारी बाई, खेड्यातली परिचारिका, अनाथांसाठी झटणारा कार्यकर्ता, अशी कितीतरी साधी माणसेही या यादीत असतात, आणि राजवाड्यात मिळालेले ते पदक त्यांच्या घरी तीन पिढ्या जपले जाते. त्या आनंदाची थट्टा करण्याचे आम्हांस कारण नाही. परंतु हात राजाचा आणि निवड दुसऱ्यांची, अशी वाटणी झाली की चुकीचा धनी कोणीच उरत नाही. राजा म्हणतो, मला सल्ला मिळाला. पंतप्रधान म्हणतात, समितीने सुचविले. आणि समितीच्या बैठकांचे दार बंद असते!

इतिहास पाहिला तर हा रोग नवा नाही. पहिल्या महायुद्धानंतर लॉइड जॉर्ज यांच्या कारकिर्दीत किताबांचा उघड बाजार भरला होता. पक्षाच्या निधीत किती रक्कम टाकली म्हणजे कोणती पदवी, याचे दर ठरलेले होते. त्यावर १९२५ साली कायदा करावा लागला, आणि त्या कायद्याखाली मॉन्डी ग्रेगरी या दलालास १९३३ साली शिक्षा झाली. त्याच्याशिवाय त्या कायद्याने दुसऱ्या कोणास दोषी ठरविल्याचे उदाहरण नाही. बँकिंगच्या सेवेबद्दल २००४ साली 'सर' झालेल्या फ्रेड गुडविन यांची रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड चार वर्षांत कोसळली, सरकारला ती सावरावी लागली, आणि २०१२ साली किताब परत गेला. जिमी सॅव्हिल या दूरचित्रवाणीवरील लाडक्या माणसाची दुष्कृत्ये उघड झाली ती त्याच्या मृत्यूनंतर. त्याचा किताब काढून घेता येईना, कारण माणसाबरोबर पदवीही संपते, असा नियम! हयातीत त्या पदवीने त्याच्याभोवती प्रतिष्ठेचे कडे उभे केले होते, हे मात्र कोणत्याही नियमाने पुसता येत नाही.

आणि आमच्या दृष्टीने खरा धोका हाच आहे. किताब ही केवळ शोभेची वस्तू नव्हे. ते चारित्र्याचे प्रशस्तिपत्र होऊन बसते. पदक लावलेल्या व्यक्तीचा शब्द वजनदार ठरतो आणि तिच्याविरुद्ध तक्रार करणाऱ्याचा शब्द हलका. एका बाजूस राजाने गौरविलेला अधिकारी आणि दुसऱ्या बाजूस चोरीचा शिक्का बसलेली दुकानदारीण, असा सामना असता लोक कोणावर विश्वास ठेवणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

मराठी वाचकाला हा विषय परका नाही. पदव्यांची हौस आमच्या राज्यकर्त्यांनाही होती. नागपूरकर भोसले 'सेनासाहेबसुभा' आणि बडोद्याचे गायकवाड 'सेनाखासखेल समशेर बहादूर' म्हणवीत. पुढे इंग्रज आले आणि रावसाहेब, रावबहादूर, सी. आय. ई., 'सर' यांची वाटणी सुरू झाली. ते सारेच मानकरी लाचार होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. रानडे रावबहादूर होते आणि डॉ. भांडारकर 'सर' होते. परंतु त्यांचे मोठेपण त्या अक्षरांत नव्हते, म्हणूनच ती अक्षरे गळून पडली तरी माणसे उरली. गोखल्यांनी सी. आय. ई. घेतली, पण पुढे 'सर' होण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी ती पदवी नाकारली. जालियनवाला बागेनंतर १९१९ साली रवींद्रनाथांनी 'सर' ही पदवी परत केली आणि १९२० साली गांधीजींनी कैसर-इ-हिंद पदक परत धाडले. हे मान परत करणाऱ्यांनी त्या मानांना जी किंमत आणली, ती ते मिरविणाऱ्यांना आणता आली नाही.

आमच्या पत्रव्यवहारात 'राजमान्य राजश्री' लिहिण्याची पद्धत होती. ज्याला राजदरबारी मान आहे तो राजमान्य. परंतु याच भूमीने दुसरा एक शब्द घडविला, तो 'लोकमान्य'. ज्या सरकारने १९०८ साली टिळकांना सहा वर्षांसाठी मंडालेस धाडले, त्या सरकारच्या कोणत्याही राजपत्रात तो शब्द छापला गेला नव्हता. १८८८ साली मुंबईच्या सभेत जोतीरावांना 'महात्मा' म्हणणारे लोकही कोणत्या समितीचे सभासद नव्हते. त्या पदव्या कोणी दिल्या म्हणून मिळाल्या नाहीत. त्या कोणालाही काढून घेता आल्या नाहीत.

स्वतंत्र भारताने आपल्या राज्यघटनेच्या अठराव्या कलमाने पदव्या रद्द केल्या, त्यामागे हाच अनुभव होता. १९५४ साली भारतरत्न व पद्म सन्मान सुरू झाले. जनता सरकारने १९७७ साली ते थांबविले, १९८० साली ते पुन्हा चालू झाले. आणि १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की हे सन्मान म्हणजे पदव्या नव्हेत, मात्र ते नावाच्या मागेपुढे लावता कामा नयेत. निमंत्रणपत्रिका नि सभेचे फलक पाहणाऱ्यांना त्या निर्वाळ्याचे पालन किती होते हे सांगावयास नको. राजा गेला, पण राजमान्यतेची ओढ गेली नाही. तेव्हा इंग्रजांच्या घरातील केर दाखविताना आपल्या अंगणाकडे पाठ फिरविणे शोभणार नाही.

मग करावे काय? ब्रिटनने राजाकडून पदके देणे बंद करावे की नाही, हा त्या जनतेचा प्रश्न आहे. तिने तो सोडवावा. परंतु जेथे जेथे राज्यसत्ता मान देते, मग ती राजाची असो वा प्रजासत्ताकाची, तेथे तीन पथ्ये पाळली गेलीच पाहिजेत. पहिले, केवळ हुद्द्यावर आहे म्हणून कोणासही मान देऊ नये. पगार हा हुद्द्याचा मोबदला आहे, बहुमान त्यापलीकडच्या कार्याचा असावा. दुसरे, ज्या संस्थेविरुद्ध गंभीर दावा न्यायालयात उभा आहे, तिच्या प्रमुखास निकाल लागेपर्यंत मान देऊ नये. थांबल्याने गुणी माणसाचे काही बिघडत नाही. तिसरे, नाव कोणी सुचविले आणि कोणत्या कारणाने मान्य झाले, हे जनतेला कळावे. जी शिफारस उजेडात करण्याची लाज वाटते, ती अंधारात करण्यालायकही नसते.

२०२५ साली प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालाच्या पहिल्या भागाने नमूद केले की, या टपाल प्रकरणाच्या पायी किमान तेरा माणसांनी स्वतःचा जीव घेतला असावा. त्यांची नावे कोणत्याही यादीत येणार नाहीत, आणि मेलेल्या माणसाच्या छातीवर लावावयास ब्रिटिश साम्राज्याच्या नावाचे पदकही नाही. पुढील यादी तयार करणाऱ्यांनी लेखणी उचलण्यापूर्वी या तेरांची आठवण ठेवावी. राजाचा मान चुकला तर तो एका सहीने रद्द होतो. त्या मानावर विसंबून नाकारलेला न्याय मात्र एका सहीने परत मिळत नाही.